परसबागेतल्या कोबीच्या पानांची दरवर्षी चाळण का होते आणि ती कशी थांबवावी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरामागे चार वाफे राखणाऱ्या माणसांकडून थंडीच्या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. दिवाळीनंतर लावलेली कोबीची रोपे पहिले दोन-तीन आठवडे टवटवीत असतात. मग पानांवर पांढुरके ठिपके दिसू लागतात, ठिपक्यांची भोके होतात आणि गड्डा धरण्याच्या सुमारास काही झाडांच्या पानांच्या नुसत्या शिरा उरतात. कोणीतरी सुचवलेले औषध फवारले की आठ-दहा दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. पुढच्या वर्षी वाफा खोल खणला जातो, उन्हाळाभर माती तापू दिली जाते, नवे शेणखत घातले जाते, बियाणे बदलले जाते आणि तरीही डिसेंबरमध्ये पाने तशीच दिसतात.

ही समस्या दरवर्षी परत येण्याचे कारण माझ्या मते असे आहे, की आपण कीड मातीत शोधतो आणि ती पानाच्या खालच्या अंगाला राहते; आपण तिच्यावर डिसेंबरमध्ये उपाय करतो आणि ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोपांबरोबरच वाफ्यात आलेली असते; आणि काढणी झाल्यावर तिच्या पुढच्या पिढीसाठी खाणे आपणच जागेवर उभे ठेवतो. या तीन ठिकाणी लक्ष दिले तर तीस-चाळीस रोपांच्या वाफ्याला विषारी औषधाची गरज सहसा पडत नाही.

औषधाच्या आधी पान उलटून पाहावे

कोबीच्या पानावरचे प्रत्येक भोक एकाच किडीचे नसते आणि औषध मात्र किडीप्रमाणे बदलते, म्हणून पहिले काम निदानाचे आहे. सकाळच्या उजेडात पाच-सहा झाडांची मधली पाने उलटून, शिरेच्या आसपास, नीट पाहावीत.

पानाच्या खालच्या बाजूचा हिरवा गर खाल्लेला असेल आणि वरचा पातळ, पारदर्शक पापुद्रा शिल्लक असेल, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी समजावी. तिची खूण चुकत नाही: बोटाने डिवचताच ती अंग झटकत मागे सरकते किंवा बारीक धाग्याला लोंबकळत खाली येते. एकाच पानावर बारीक अळ्यांचा घोळका बसून पानाची जाळी करत असेल, तर ती तंबाखूवरील पाने खाणारी अळी असते. भोके मोठी आणि वेडीवाकडी असतील, पानावर हिरवट-काळी विष्ठा असेल आणि दिवसा अळी सापडत नसेल, तर तीच अळी मोठी होऊन मातीत किंवा पालापाचोळ्याखाली लपलेली असण्याचा संभव अधिक. रोप जमिनीलगत कापून आडवे पडले असेल, तर ते रोपे कुरतडणाऱ्या अळीचे काम आहे आणि ती त्याच रोपाच्या बुडाशी बोटभर माती उकरली की वेटोळे करून बसलेली मिळते. पाने आकसलेली, चिकट आणि पिवळसर असतील, तर तो मावा. मधला कोंब जाळीने बांधलेला आणि आतून खाल्लेला असेल, तर ती गड्डा पोखरणारी अळी. तिचे नुकसान वेगळ्या जातीचे असल्यामुळे तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

कोवळ्या रोपांवर कधी काळपट अळ्या दिसतात, ज्या हात लावताच अंगाची गुंडाळी करून खाली पडतात. ही मोहरीवरील काळी माशी होय. तिच्या अळ्या सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या की परसबागेत तेवढे पुरते.

मुख्य गुन्हेगार: चौकोनी ठिपक्यांचा पतंग

शास्त्रीय भाषेत याला प्लुटेला झायलोस्टेला म्हणतात. पतंग जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर लांब, राखाडी-तपकिरी रंगाचा असतो आणि पंख मिटून बसला की पाठीवर फिकट रंगाच्या चौकोनांची ओळ दिसते. तो दिवसा पानाआड बसतो आणि तिन्हीसांजेला उडतो, म्हणून पतंग पाहिलेली माणसे थोडी आणि अळी पाहिलेली बरीच. मादी पानाच्या खालच्या बाजूस, शिरेलगत, एकेकटी किंवा लहान गटात पिवळसर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस पानाच्या आतच पोखरत असते आणि त्या काळात बाहेरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यानंतर ती पानाखाली येऊन खाऊ लागते, सेंटिमीटरभर लांबीची झाली की पानावरच पातळ, जाळीदार कोष विणते आणि त्यातून पुन्हा पतंग बाहेर येतो. उबदार हवेत हे चक्र दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण होते आणि आपल्याकडील कडाक्याच्या थंडीत त्याला आणखी काही दिवस लागतात. अडीच-तीन महिन्यांच्या पिकात अशा तीन ते पाच पिढ्या सहज होतात, आणि कोणत्याही एका दिवशी पानावर अंडी, लहान अळ्या, मोठ्या अळ्या आणि कोष हे सारे एकाच वेळी असतात. एका फवारणीने अळ्या मेल्या तरी अंडी आणि कोष वाचतात; आठ-दहा दिवसांनी दिसणाऱ्या अळ्या या औषधाला न सापडलेल्या अंड्यांतून आलेल्या असतात.

कोष पानावर होतो, मातीत होत नाही, ही गोष्ट खान्देशातील वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो आणि काळी माती भेगाळून आतपर्यंत तापते, त्यामुळे उन्हाळी नांगरटीवर आपला मोठा विश्वास आहे. तो विश्वास कुरतडणाऱ्या अळीच्या आणि तंबाखूवरील अळीच्या बाबतीत योग्य आहे, कारण त्या मातीत कोषावस्थेत जातात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला मात्र मातीशी काही देणेघेणे नाही. वाफा कितीही खणला तरी तो नोव्हेंबरमध्ये बाहेरूनच येणार असतो, एक तर उडत किंवा बाजारातून आणलेल्या रोपांवर बसून.

या किडीचा दुसरा गुण अधिक काळजी करण्याजोगा आहे. ती औषधांना फार लवकर दाद देईनाशी होते. इंडोनेशियातील जावा बेटावर 1953 साली डीडीटीला न जुमानणारे हे पतंग आढळले होते, आणि बीटी या जैविक कीटकनाशकालाही शेतात दाद न देणारी पहिली कीड हीच ठरली. हवाई बेटांवरील त्या निरीक्षणांचा अहवाल 1990 साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे एकच औषध प्रत्येक आठवड्याला फवारत राहणे हा उपाय नसून किडीला त्या औषधाची सवय लावण्याचा मार्ग आहे.

कपाशीचे उरलेले औषध वाफ्यात आणू नये

आपल्याकडे जवळपास प्रत्येक घराचा शेतीशी संबंध आहे आणि शेतीचा कपाशीशी, म्हणून कोठीच्या कोपऱ्यात कपाशीवर फवारून उरलेली बाटली असतेच. घरातले वडीलधारे सहज म्हणतात, “अरे, ते कपाशीचं औषध पडलंय, तेच मार दोन झाकणं.” हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी तो मानू नये, आणि मी हे आग्रहाने लिहितो.

मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर भारतात 2005 पासूनच बंद आहे, आणि ते कपाशीच्या शेतकऱ्यांकडे वर्षानुवर्षे सर्रास वापरले गेलेले औषध आहे. कोबी ही पानाआड पान धरणारी भाजी आहे. गड्डा वळताना फवारलेले औषध आतल्या पानांवर राहून जाऊ शकते आणि वरची दोन पाने काढल्याने ते गेलेच असे मानता येत नाही. कपाशीसाठीच्या बाटलीवर कोबीकरिता किती प्रमाण घ्यावे आणि फवारणीनंतर किती दिवस भाजी काढू नये हे लिहिलेले नसते, म्हणून “दोन झाकणं” हे प्रमाण कोणाच्याही अंदाजाने ठरते. आणखी एक तोटा लगेच दिसत नाही. अशा औषधाने अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, ढालकिडे आणि कोळी आधी मरतात, दाद न देणारी अळी मागे उरते आणि पुढची पिढी अधिक जोमाने वाढते. “औषध मारल्यावर अळ्या वाढल्या,” अशी तक्रार काही जण करतात. तिच्यावर हसू नये, ती खरी असू शकते.

सुरुवात रोपांपासून

कोबीचे वेळापत्रक आपल्याकडे सणांवर बेतता येते. घटस्थापनेच्या सुमारास बी टाकले तर दिवाळीपर्यंत रोपे चार आठवड्यांची होतात आणि लावणीस तयार असतात. गोल्डन एकरसारखा लवकर येणारा वाण लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांत गड्डा देतो, म्हणजे जानेवारीत, जेव्हा धुळे-जळगावकडे पहाटे चांगलीच थंडी असते. गड्डा भरण्यास साधारण 15 ते 20 अंश तापमान सर्वांत मानवते. लावणी डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत गेली, तर गड्डा फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात सापडतो, तो सैल राहतो, आणि त्याच काळात उबदार हवेमुळे पतंगाच्या पिढ्याही भराभर होतात. “दरवर्षी कीड येते” असे म्हणणाऱ्यांपैकी काहींची खरी अडचण लावणीच्या उशिरातच असते.

रोपे शक्यतो घरी करावीत. आठवडी बाजारातली रोपे स्वस्त आणि दिसायला छान असतात, परंतु ती ज्या रोपवाटिकेतून येतात तिथे कोबी आणि फ्लॉवरची रोपे सतत उभी असतात, आणि पतंगाला त्याहून सोयीचे ठिकाण नाही. विकतची रोपे घ्यावीच लागली, तर प्रत्येक रोपाचे प्रत्येक पान उलटून पाहावे, अळी किंवा कोष दिसल्यास चिमटून काढावा, संशय वाटणारे रोप टाकून द्यावे आणि उरलेली रोपे दोन दिवस इतर भाजीपासून दूर सावलीत ठेवून पुन्हा पाहावीत. चाळीस रोपांना हे सारे करण्यास अर्धा तास लागतो आणि पुढचे दोन महिने वाचतात.

घरी रोपे करताना आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून ती कोलमडतात, म्हणून गादीवाफा वीतभर उंच करावा किंवा ट्रेमध्ये गांडूळखत आणि कोकोपीट घालून बी टाकावे. बियाणे प्रक्रिया केलेले नसेल, तर ते फडक्यात बांधून 50 अंश तापमानाच्या पाण्यात 25 मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावे. घाण्या रोगाचे जिवाणू बियाण्याबरोबर येतात आणि या उपायाने त्यांचा बंदोबस्त बऱ्याच अंशी होतो. तापमान मोजण्यासाठी साधा थर्मामीटर हवा, हाताच्या अंदाजावर बी शिजून जाते. रोपांवर पहिल्या दिवसापासून 40 मेशची, म्हणजे एका इंचात 40 छिद्रे असलेली, जाळी लावावी. घरातली जुनी मच्छरदाणी मोठ्या पतंगांना अडवते, पण तिची छिद्रे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी पुरेशी बारीक नसतात. जाळी कमानीवर अशी ताणावी की पाने तिला टेकणार नाहीत, कारण पान जाळीला टेकले तर मादी बाहेर बसून जाळीतूनच त्यावर अंडी घालते. वाफा लहान असेल तर लावणीनंतरही हीच जाळी ठेवता येते, आणि माझ्या मते परसबागेसाठी याहून भरवशाचा दुसरा उपाय नाही. कोबीला गड्डा धरण्यासाठी मधमाश्यांची गरज नसते, त्यामुळे जाळीने पिकाचे काही बिघडत नाही.

मोहरीचा सापळा

जाळी लावणे शक्य नसेल तर मोहरीचा आधार घ्यावा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी सुचवलेल्या पद्धतीत कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी असतात. पहिली ओळ कोबी लावण्याच्या 15 दिवस आधी आणि दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी पेरतात, म्हणजे एक मोहरी जून होत असताना दुसरी कोवळी असते. पतंगाला अंडी घालण्यासाठी कोबीपेक्षा मोहरी अधिक आवडते आणि मावाही आधी तिच्यावर जातो. परसबागेत हेच प्रमाण छोटे करून वाफ्याच्या दोन्ही कडांना मोहरीची एकेक ओळ पुरते. फोडणीच्या डब्यातली मोहरी चांगली उगवते, वेगळे बी विकत घेण्याची गरज नाही.

मोहरी लावून विसरून जाणे मात्र धोक्याचे आहे. तिच्यावर आलेल्या अळ्या तिथेच मारल्या नाहीत तर तीच मोहरी पतंगांची रोपवाटिका होते आणि कोबीवर आधी नव्हती इतकी कीड येते. दर आठवड्याला मोहरीवर निंबोळी अर्क फवारावा आणि फार कीड असलेली झाडे उपटून साबणाच्या पाण्यात बुडवावीत. हे काम नियमाने होणार नसेल, तर मोहरी लावूच नये.

निंबोळी अर्क आणि बीटी

लावणीनंतर आठवड्यातून दोनदा आठ-दहा झाडांची पाने उलटून पाहावीत. पहिल्या महिन्यात एका झाडामागे सरासरी दोन अळ्यांपर्यंत त्या हाताने वेचून भागते; त्याहून अधिक दिसू लागल्या की फवारणी सुरू करावी.

पहिला उपाय निंबोळी अर्काचा. खान्देशात बांधाबांधावर कडुनिंब आहे आणि जून-जुलैमध्ये निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेळी गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून हवेशीर पोत्यात ठेवलेल्या निंबोळ्या त्याच हिवाळ्यात वापराव्यात. दोन वर्षांच्या जुन्या निंबोळ्यांत जोर राहत नाही. पाच लिटर फवारणीसाठी 250 ग्रॅम निंबोळ्या जाडसर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने दोनदा गाळून घ्याव्यात, त्यात दहा ग्रॅम साधा साबण विरघळवावा आणि पाणी घालून पाच लिटर करावे. हा पाच टक्क्यांचा अर्क झाला. तो त्याच दिवशी संध्याकाळी वापरावा, कारण ठेवलेला अर्क आणि उन्हात फवारलेला अर्क हे दोन्ही लवकर निकामी होतात. कडुनिंबाने अळी तत्काळ मरत नाही. तिचे खाणे मंदावते, कात टाकण्यात अडथळा येतो आणि मादी त्या पानावर अंडी घालण्याचे टाळते. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून हा उपाय फसला असे समजू नये.

साबणाचे कारणही ध्यानात घ्यावे. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, पाणी त्यावरून थेंबाथेंबाने घरंगळून जाते आणि औषध जमिनीवर पडते. साबणाने किंवा चिकट द्रव्याने ते पानावर पसरते. फवारणी पानांच्या खालून वर, नोझल उलटे धरून करावी. वरून केलेल्या फवारणीचा बराचसा भाग अळी नसलेल्या बाजूवर पडतो. परसबागांतल्या फसलेल्या फवारण्यांपैकी मोठा वाटा या एका कारणाचा असावा, असे माझे मत आहे.

दुसरा उपाय बीटीचा. बीटी म्हटले की आपल्या भागात लोकांना कपाशीचे बियाणेच आठवते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे विष तयार करणारे जनुक त्या बियाण्यात घातलेले आहे; इथे मात्र तोच जिवाणू भुकटीच्या किंवा द्रवाच्या रूपात पानावर फवारायचा असतो. अळीने पानाबरोबर तो खाल्ला की काही तासांत तिचे खाणे थांबते आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. माणसाला, गुराढोरांना, मधमाश्यांना आणि ढालकिड्यांना त्याचा उपद्रव नाही. प्रमाण साधारण लिटरला एक ते दोन ग्रॅम असते, तरी पाकिटावर लिहिलेलेच प्रमाण पाळावे. ऊन त्याला दोन-चार दिवसांत निष्प्रभ करते, म्हणून फवारणी दिवस मावळताना करावी आणि अळ्या लहान असतानाच करावी. मावा पानाचा रस शोषतो, पान खात नाही, त्यामुळे त्यावर बीटीचा काही उपयोग होत नाही.

निंबोळी आणि बीटी सात-आठ दिवसांच्या अंतराने आलटून पालटून द्यावेत, म्हणजे एका फवारणीतून सुटलेली अंडी पुढच्या फवारणीत अळीच्या रूपात सापडतात आणि कोणत्याही एका उपायाची किडीला सवय होत नाही. गड्डा घट्ट वळल्यानंतर बाहेरच्या सैल पानांना थोडी भोके राहिली तरी फवारणी थांबवावी. ती पाने आपण खाणार नसतो.

मावा, तंबाखूवरील अळी आणि अन्य उपद्रव

मावा डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः आभाळ भरून आलेल्या दिवसांत, एकाएकी वाढतो. सुरुवातीला तो दोन-चार झाडांवरच असतो, म्हणून ती झाडे शोधून पान काढून टाकणे किंवा सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने त्याला धुऊन काढणे पुरेसे होते. धार सकाळीच द्यावी, म्हणजे पाने दिवसभरात वाळतात. रात्रभर ओली राहिलेली पाने घाण्या रोगाला आमंत्रण देतात. मावा कमी होत नसेल तर साबणमिश्रित निंबोळी अर्क द्यावा. त्याआधी भिंगातून एकदा पाहावे: माव्यात काही किडे फुगलेले, तपकिरी आणि निर्जीव दिसत असतील, तर त्यांच्या अंगात परोपजीवी माशी वाढते आहे आणि ढालकिड्याच्या अळ्याही जवळपास असतील, तर काही दिवस वाट पाहणे शहाणपणाचे. वाफ्याच्या कडेला थोडी कोथिंबीर फुलावर येऊ दिली तर हे मित्रकीटक तिथे टिकून राहतात. युरियाचा हात आवरता ठेवावा, कारण जास्त नत्राने पाने लुसलुशीत होतात आणि मावा त्यांच्यावरच जमतो.

तंबाखूवरील अळी आपल्याकडे सोयाबीन, कपाशी आणि एरंडावरून येते. तिची मादी शेकडो अंडी एकाच पुंजक्यात घालून ती तपकिरी केसांनी झाकते. तो पुंजका किंवा अळ्यांचा घोळका असलेले पान वेळीच तोडून नष्ट केले की सारी पिढी एका हातासरशी संपते. चार-पाच दिवस उशीर झाला तर त्याच अळ्या बागभर पांगतात आणि मग टॉर्च घेऊन रात्री वेचत बसावे लागते. वाफ्याच्या बांधावर एरंडाची दोन झाडे असली तर मादी त्यांच्या रुंद पानांवर अंडी घालणे पसंत करते आणि शोध सोपा होतो. गोगलगायींचा त्रास ओलसर, सावलीच्या वाफ्यात होतो. संध्याकाळी ओले पोते पसरून सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा कराव्यात.

झाड मोठे होते, पण गड्डाच धरत नाही

या तक्रारीत कीड असते किंवा नसतेही. लावणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत गड्डा पोखरणारी अळी मधल्या कोंबात शिरली तर वाढीचा डोळाच खाल्ला जातो. झाड बगलेतून चार-पाच फुटवे काढते आणि एकही गड्डा नीट होत नाही. अळी फिकट रंगाची असून अंगावर लांबीच्या दिशेने तपकिरी पट्टे असतात, आणि ती जाळीच्या आड बसत असल्याने वरवरची फवारणी तिला लागत नाही. म्हणून या आठवड्यांत पान उलटण्याबरोबर मधला कोंबही पाहावा, जाळी दिसली तर काडीने उलगडून अळी काढावी. कोंब आधीच गेला असेल तर त्या झाडाची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते उपटून तिथे मेथी टाकावी.

कोंब शाबूत असूनही गड्डा वळत नसेल, तर उशिराची लावणी, दीड फुटांपेक्षा फारच दाट अंतर, दिवसातून पाच-सहा तासांपेक्षा कमी ऊन किंवा थंडीसाठीचा वाण उन्हाळ्यात लावणे, यांपैकी काहीतरी कारण असते. तयार गड्डा फुटतो तो बहुधा पाण्यामुळे: काळी माती भेगाळेपर्यंत कोरडी ठेवायची आणि मग एकदम भरपूर पाणी द्यायचे, असे झाले की आतली वाढ बाहेरच्या पानांना फाडते. पानाच्या कडेपासून आत शिरेकडे निमुळता होत जाणारा पिवळा त्रिकोण आणि त्यात काळ्या पडलेल्या शिरा दिसल्या, तर तो घाण्या रोग आहे. त्यावर कीटकनाशक फवारून काही होत नाही, झाड उपटून वाफ्याबाहेर न्यावे आणि वरून पाणी देणे बंद करावे.

काढणीनंतरचे काम

गड्डा कापला की बुंधा आणि खालची पाने आपण जागेवरच ठेवतो, आणि थोड्या दिवसांत त्या बुंध्याला कोवळे फुटवे येतात. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात उभी ठेवलेली, कपाशी असली तर गुलाबी बोंडअळीचे चक्र चालू राहते, हे 2017 च्या प्रादुर्भावानंतर आपल्याकडील शेतकऱ्यांना नव्याने सांगावे लागत नाही. कोबीचा फुटलेला बुंधा ही परसबागेतली फरदडच आहे. शेवटचा गड्डा काढल्यावर त्याच आठवड्यात सारे बुंधे मुळासकट उपटावेत, मोहरीच्या ओळी काढाव्यात, फुलावर आलेला मुळा आणि राहिलेला नवलकोलही काढावा, कारण हे सारे एकाच कुळातले असून पतंगाला चालतात. उपटलेला पाला वाफ्याच्या कडेला पसरून ठेवू नये; त्यावरच्या कोषांतून पतंग निघतच राहतात. रासायनिक औषध फवारलेले नसेल तर तो गुरांना घालावा, नाहीतर खड्ड्यात टाकून वर वीतभर माती ओढावी. मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत आवारात कोबीवर्गातले एकही झाड ठेवू नये. आपल्या भागातला उन्हाळा या पतंगाला मानवत नाही, त्यात खाणेही मिळाले नाही तर नव्या हंगामाची सुरुवात फार थोड्या पतंगांपासून होते. शेजारी दोन-तीन घरांत कोबी लावली जात असेल तर त्यांनाही हे सांगावे, एकट्याच्या वाफ्याने चक्र पूर्णपणे तुटत नाही.

एवढे करूनही अळ्या आटोक्यात आल्या नाहीत, तर अळी असलेली दोन पाने छिद्रे पाडलेल्या डब्यात घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावीत; जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल येथे, नंदुरबारमध्ये कोळदे येथे अशी केंद्रे आहेत, आणि धुळ्यात कृषी महाविद्यालयही आहे. आतापर्यंत कोणते औषध, किती वेळा आणि कोणत्या तारखेला फवारले हे कागदावर लिहून सोबत न्यावे, म्हणजे आधी दिलेल्याच गटातले औषध पुन्हा सुचवले जाणार नाही.